कासवाची शिदोरी

प्रवासास निघालेल्या मुलाच्या हातीं आई शिदोरी देते, तेव्हां ती वाटेचा हिशेब मनांत करूनच देते. वाट किती लांब आहे, मूल किती चालेल, मध्यें कोठें खावयास मिळेल कीं नाहीं, हा सर्व विचार त्या फडक्यांत बांधलेल्या भाकरीबरोबर बांधलेला असतो. अशी शिदोरी वाटेंत कोणी गंमत म्हणून सोडली व तींतले चार घांस खाल्ले, तर त्या मनुष्यास आपण काय म्हणूं? खातांना तो मुलाच्या पाठीवरून प्रेमानें हात फिरवीत होता, एवढ्यानें मुलाची पुढची भूक कांहीं भागत नाहीं. आजच्या लेखाचा विषय समुद्रांतील कासव हा आहे. परंतु ही शिदोरीची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण माझें सर्व म्हणणें तिच्यावरच उभें आहे.

आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्रीं वाळूवर चढून येतात, मागल्या पायांनीं खड्डा उकरतात, त्यांत सुमारें शंभर अंडीं घालतात, खड्डा बुजवितात व समुद्रांत निघून जातात. पिल्लांकडे त्या पुन्हां फिरकत नाहींत. पूर्वीं हीं अंडीं माणसें व कुत्रीं-कोल्हे उकरून नेत. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें इ. स. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें तीं कुंपणाच्या आंत वाळूंत पुरून जपण्याचा उपक्रम सुरू केला, आणि पुढें तो किनाऱ्यावरील इतर गांवींही पसरला. सुमारें पन्नास दिवसांनीं पिल्लें वाळूंतून वर येतात. तीं समुद्राकडे जातांना पाहावीं म्हणून पुण्यामुंबईहून मंडळी येतात, शाळांच्या सहली येतात. हें सर्व चांगलेंच आहे. ज्या मुलानें तळहाताएवढेंही नसलेलें तें पिल्लूं पहिल्या लाटेंत शिरतांना पाहिलें, तें मूल पुढें समुद्रांत कचरा टाकतांना एकदां तरी थबकेल, अशी मला आशा आहे.

परंतु या चांगल्या गोष्टीच्या पोटींच एक प्रश्न उत्पन्न झाला आहे. मंडळी लांबून आलेली असतात. पिल्लें मात्र आपल्या सोयीनें वर येतात. पहाटे निघालेलीं पिल्लें दुपारीं गाडी येईपर्यंत टोपलींत ठेवावीं काय? एखादें छायाचित्रासाठीं हातावर घ्यावें काय? मी स्वतः एका सहलीच्या वेळीं, गाडी उशिरां पोंचणार हें दिसतांच, “मुलें येईपर्यंत थोडीं थांबवा” असा आग्रह धरला होता. मुलांचे हिरमुसलेले चेहरे मला पाहवले नसते. घटकाभरानें त्या जिवांचें काय बिघडणार, असें मला मनापासून वाटलें. त्या वेळीं मी जें केलें तें दयाळूपणानेंच केलें. पण हिशेब न करतां केलें. आज माझें म्हणणें असें आहे कीं, या प्रश्नाचें उत्तर केवळ मनानें देण्यासारखें नाहीं. त्यास अंकगणित लागतें, आणि तें अंकगणित कांहीं शास्त्रज्ञांनीं मोठ्या कष्टानें करून ठेविलें आहे.

तें अंकगणित समजण्यास प्रथम पिल्लाची स्थिति पाहिली पाहिजे. अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटांत बलकाचा कांहीं भाग शिल्लक असतो. आईनें बांधून दिलेली शिदोरी ती हीच. या शिदोरीवर त्यानें वाळूंतून वर यावयाचें, किनारा ओलांडावयाचा, लाटा कापावयाच्या, आणि मग सुमारें एक अहोरात्र जवळजवळ न थांबतां पोहत खोल समुद्र गांठावयाचा असतो. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत त्यास खाणारे मासे पुष्कळ, व वर पक्षी टपलेले. म्हणून ही घाई. टोपलींत ठेवलेलें पिल्लूं स्वस्थ बसत नाहीं. तें पाय मारीतच राहतें, कारण समुद्राकडे धांवणें हें एकच काम त्या वेळीं त्यास ठाऊक असतें. म्हणजे ज्या शक्तीनें त्यानें लाटा कापावयाच्या, ती टोपलीच्या भिंतीवर खर्च होते.

आतां कोणी विचारील, ही शक्ति मोजावी कशी? प्राण्याच्या देहांत खर्च होणारी शक्ति मोजण्याचा पहिला नांवाजलेला प्रयत्न इ. स. १७८२-८३ च्या हिंवाळ्यांत फ्रान्समध्यें झाला. लाव्हॉझिए व लाप्लास या दोघां विद्वानांनीं एक गिनीपिग बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेविला, आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनें बर्फाचें किती पाणी झालें तें तोलून पाहिलें. त्यानें किती वायु उच्छ्‌वासावाटे सोडला त्याच्याशीं हें ताडून त्यांनीं ठरविलें कीं, श्वासोच्छ्‌वास म्हणजे एक मंद ज्वलनच होय. तेव्हांपासून प्राणी किती प्राणवायु घेतो यावरून तो किती शक्ति खर्चितो हें काढतां येऊं लागलें. एक लिटर प्राणवायु देहांत खर्ची पडला कीं सुमारें २० किलोज्यूल शक्ति मोकळी होते. एक लिटर पाणी पांच अंशांच्या आंतबाहेर तापविण्यास ती पुरेल.

ही रीत कासवास लावणें मात्र सोपें नाहीं. कासव श्वास घेण्यापुरतें वर येतें आणि पुन्हां बुडी मारतें. त्याचा श्वास मोजावयाचा तर त्यास टाकींत ठेवावें लागतें किंवा तोंडावर मुखवटा चढवावा लागतो. इ. स. १९७६ सालीं हेन्‍री प्रँग यांनीं पाऊण किलोग्रॅमच्या आंतबाहेर वजनाचीं लहान हिरवीं कासवें वाहत्या पाण्यांत पोहावयास लावून त्यांचा प्राणवायु मोजला. हिरव्या कासवांच्या माद्या ब्राझिलच्या किनाऱ्यापासून अटलांटिक महासागराच्या मध्यभागीं असलेल्या असेन्शन बेटापर्यंत अंडीं घालण्यास जातात. प्रँग यांच्या हिशेबानें जाऊन येऊन ४,८०० किलोमीटरांच्या या यात्रेस देहाच्या वजनाच्या सुमारें २१ टक्के इतकी चरबी खर्चावी लागावी. म्हणजे केवळ पिल्लूंच नव्हे, तर त्याची आईदेखील शिदोरीवरच चालते. आपल्या देशांतही असे प्रवास घडतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर इ. स. २०२१ सालीं खुणेचा बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ सालीं कोंकणांत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडीं घालण्यास आलेली आढळली. सारें दक्षिण भारत वळसा घालून आलेल्या अशा यात्रेकरणीस दिवे दाखवून व गलका करून अंडीं न घालतांच परत पाठविणें म्हणजे त्या जड देहास दुसऱ्या रात्रीं पुन्हां वाळू चढावयास लावणें होय.

पण टाकींतील कासव म्हणजे समुद्रांतील कासव नव्हे. म्हणून दुसरी एक युक्ति निघाली. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत नेथन लिफ्सन व त्यांचे सहकारी यांनीं ती शोधून इ. स. १९५५ सालीं प्रसिद्ध केली. प्राण्याच्या अंगांत थोडें खुणेचें पाणी सोडावयाचें. त्यांतील हायड्रोजन व प्राणवायु हे दोन्ही नेहमींच्याहून जड जातीचे असतात. जड हायड्रोजन देहांतून केवळ पाण्यावाटे जातो. जड प्राणवायु मात्र पाण्यावाटे जातो आणि उच्छ्‌वासांतील कर्बाम्लवायूवाटेही जातो. कांहीं दिवसांनीं रक्त तपासून दोहोंच्या घटीमधील अंतर काढलें कीं, किती कर्बाम्लवायु बाहेर पडला, अर्थात् किती शक्ति खर्च झाली, तें समजतें. प्राणी मधल्या काळांत आपल्या इच्छेप्रमाणें हिंडतो. समुद्रकासवाच्या अंगांतील पाणी फार जलद पालटतें, त्यामुळें हें अंतर बारीक राहतें व काम अवघड होतें. शिवाय तेंच कासव पुन्हां हातीं लागावें लागतें. तरी अंडीं घालणारी मादी कांहीं दिवसांनीं बहुधा त्याच किनाऱ्यावर परत येते, या गोष्टीचा फायदा घेऊन कोस्टा रिका देशांतील लास बाउलास या सागरी उद्यानांत ब्रायन वॉलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पांच लेदरबॅक माद्यांवर हा प्रयोग केला व २००५ सालीं तो प्रसिद्ध झाला. देहाच्या प्रत्येक किलोग्रॅममागें त्यांचा खर्च ०.२० ते ०.७४ वॉट आला. निवांत बसलेल्या मनुष्याचा खर्च किलोग्रॅममागें सुमारें १ वॉट असतो. आपण ओट्यावर बसून जितकें खर्चितों, त्याहून थोडक्यांत हा प्राणी समुद्रांत बुड्या मारीत दिवस काढतो! एवढी काटकसर ज्याच्या संसारांत आहे, त्याच्या घरीं उधळपट्टीस जागा कोठून असणार?

तिसरी रीत अलीकडची आहे. कासवाच्या पाठीवर एक लहानसें यंत्र बसवितात. देह पुढें-मागें, वर-खालीं व बाजूस किती झटक्यानें हलतो याची तें सारखी नोंद ठेवितें. हालचाल अधिक, तर खर्च अधिक, हें उघड आहे. पण किती हालचालीस किती खर्च, हें आधीं टाकींत दोन्ही गोष्टी एकत्र मोजून ठरवावें लागतें. ल्यूइस हॅल्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २५ ते ४४ किलोग्रॅम वजनाचीं सहा हिरवीं कासवें आणि सुमारें २० ग्रॅम वजनाचीं लॉगरहेड जातीचीं दोन पिल्लें होतीं. हिरव्या कासवांस दीड मीटर खोल टाकींत हवी तेव्हां बुडी मारतां येई. हालचाल व पायाची लांबी यांवरून तासाभराच्या प्राणवायूचा जो अंदाज निघाला, त्यांत सरासरी ८ टक्के चूक राहिली. खर्चांतील एकंदर चढउतारापैकीं निम्म्याहून थोडा अधिक भाग या हिशेबानें उलगडला. बाकीचा उलगडला नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या शेवटच्या वाक्याकडे तुमचें विशेष लक्ष वेधावेंसें वाटतें. ज्यांनीं इतके परिश्रम केले, त्यांनींच आपली चूक किती हें मोजून छापलें. आपण परीक्षेंत उत्तर चुकलें कीं वही झांकतों. हे लोक आपल्या उत्तरापुढें चुकीचा आंकडाही लिहितात, म्हणूनच त्यांच्या उत्तरावर पुढच्यास विसंबतां येतें. सहा कासवें म्हणजे थोडीं, दोन पिल्लें तर त्याहून थोडीं. परंतु पूर्वीं जेथें केवळ तर्क होता, तेथें आतां एक माप आहे, आणि त्या मापास किती जपून वापरावें हेंही ठाऊक आहे.

या मोजमापांचा व्यवहारांत उपयोग काय, असा प्रश्न पालकवर्ग करील, आणि तो रास्त आहे. एक उपयोग मासेमारीच्या जाळ्यांत दिसतो. कासव फुप्फुसांनीं श्वास घेतें. स्वस्थ असतांना तें पाण्याखालीं फार वेळ राहूं शकतें. पण जाळ्यांत अडकून धडपडूं लागलें कीं त्याचा प्राणवायु झपाट्यानें सरतो व तें बुडून मरतें. धडपडीचा खर्च ठाऊक झाला, तर जाळें किती वेळानें वर ओढावें याचा अंदाज बांधतां येतो. जाळें कापून संरक्षित सागरी प्राण्यास सोडणाऱ्या मच्छीमारास महाराष्ट्र शासनानें इ. स. २०१८ सालीं २५,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देण्याची योजना सुरू केली. कासवाचा जीव आणि कोळ्याची भाकरी या दोहोंचा हिशेब एकाच पानावर मांडणारी ही योजना मला फार योग्य वाटते.

दुसरा उपयोग आपल्या प्रश्नाचा. मलेशियांतील साबा प्रांतांत हिरव्या कासवांचीं पिल्लें कुंपणांत कांहीं तास अडकवून ठेवून मग त्यांची पोहण्याची गति तपासण्यांत आली. निकोलस पिल्चर व सायमन एंडरबी यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं, अधिक वेळ ठेविलेलीं पिल्लें अधिक मंद पोहतात. ज्या उथळ पाण्यांत त्यांस खाणारे मासे आहेत, तेथेंच त्यांचा वेळ अधिक जातो. माझ्या त्या “घटकाभरानें काय बिघडणार” याचें उत्तर तेथें मिळालें. मुलांचे चेहरे फुलावेत म्हणून मी दुसऱ्याच्या लेंकराची शिदोरी सोडली होती.

यावर तीन आक्षेप येतील, त्यांचा विचार करणें अवश्य आहे. पहिला असा कीं, मुखवटे चढविणें, टाकींत कोंडणें, रक्त काढणें हाही कासवांस त्रासच नव्हे काय? आहे. तो नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. म्हणूनच असे प्रयोग थोड्या प्राण्यांवर, थोडा वेळ व काळजीपूर्वक व्हावेत, आणि एकदां मिळालेलें माप वाया जाऊं नये. पांचसहा कासवांनीं जो त्रास सोसला, त्यांतून निघालेलें ज्ञान आपण वाचूनही वागणूक पालटली नाहीं, तर तो त्रास खरोखरच व्यर्थ गेला असें होईल, व त्याचा दोष शास्त्रज्ञांहून आपल्याकडे अधिक येईल.

दुसरा आक्षेप असा कीं, माणसांस पोटभर अन्न नसतांना कासवाच्या शक्तीचा हिशेब कशास? यास उत्तर आहे. वर सांगितलेली खुणेच्या पाण्याची रीत इ. स. १९८२ सालापासून मनुष्यांवरही वापरली जाऊं लागली, आणि मनुष्यास किती अन्न लागतें याचे आजचे अंदाज पुष्कळ अंशीं तिच्यावर आधारलेले आहेत. जिवाचा खर्च मोजण्याची विद्या एकच आहे. तिला कासवाचा जीव व भुकेल्या मुलाचा जीव असा भेद ठाऊक नाहीं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. कोणी म्हणेल, मुलांनीं पिल्लूं जवळून पाहिलेंच नाहीं, तर त्यांच्या मनांत प्रेम उत्पन्न होणार कसें? आणि प्रेम नसेल तर पुढें किनारा राखणार कोण? या बोलण्यांत तथ्य आहे, म्हणून सहली बंद कराव्या असें मी म्हणत नाहीं. पण ज्या प्रेमाची किंमत दुसऱ्यानें द्यावयाची, तें प्रेम मुलांस कसलें वळण लावील? आपली हौस भागविण्यासाठीं दुर्बळास थांबावें लागतें, हें त्या दिवशीं मूल शिकतें. त्याऐवजीं थांबावयाचें तें आपण थांबावें, हें तें शिकलें, तर सहल सफल झाली असें मी समजेन.

तेव्हां माझी सूचना अशी आहे. आपल्या शाळेची सहल किनाऱ्यावर गेली, तर आपल्यासाठीं एकही पिल्लूं थांबवूं नये, अशी विनंती आपणच तेथील मंडळींस आधीं पोंचवावी. पिल्लांस हात लावूं नये, त्यांच्यावर दिवे पाडूं नयेत. आपण पोंचण्यापूर्वीं तीं गेलीं असतील, तर वाळूंत उमटलेल्या त्यांच्या चिमुकल्या खुणा पाहाव्या, आईनें अंडीं कोठें घातलीं तें विचारावें, राखणदारानें किती रात्री जागून काढल्या त्या मोजाव्या, आणि परत यावें. मुलांनीं वहींत दोन वेळा लिहाव्या: पिल्लें वर आल्याची व पिल्लें पाण्यांत गेल्याची. या दोहोंमधील अंतर जितकें कमी, तितकी ती सहल उत्तम. पालकांस माझी हात जोडून विनंती आहे कीं, मूल घरीं येऊन “कासव दिसलें नाहीं” म्हणालें, तर पैसे फुकट गेले असें त्याच्यासमोर म्हणूं नये. “तें वेळेवर घरीं गेलें” असें म्हणावें.

आपल्या देवळांत देवासमोर जमिनीवर दगडी कासव असतें, आणि गीतेंत अवयव आवरून घेणाऱ्या कासवाचा दृष्टांत आहे. तो दृष्टांत जमिनीवरच्या कासवास लागू पडतो. समुद्रकासवास आपलें डोकें व पाय पाठीखालीं ओढून घेतां येत नाहींत. आवरून घेण्याचें तें काम त्याच्या वतीनें आपणच केलें पाहिजे. शुभवर्तमानांतही एक दाखला आहे, त्यांत बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा असें प्रभूनें सांगितलें आहे. आपण दया करावयास निघतों तेव्हांही आधीं असेंच घटकाभर बसावें, आणि तिचा खर्च कोणाच्या पदरचा होणार आहे तें पाहावें. तो आपल्या पदरचा असेल, तर खुशाल हात सैल सोडावा. तो वीस ग्रॅमांच्या एखाद्या जिवाच्या शिदोरींतून जाणार असेल, तर हात मागें घ्यावा.